ग्राफ्ट जोडण्याआधी हे विचारा

बायपासनंतर काही वर्षांनी चालताना छाती पुन्हा भरून येऊ लागली, म्हणून अँजिओग्राफी केली. रक्तासाठी जोडलेल्या तीन नव्या वाटांपैकी, म्हणजे ग्राफ्टपैकी, दोन उत्तम चालले होते. तिसरा, माझ्या डाव्या हातातली धमनी काढून हृदयाच्या उजव्या बाजूच्या धमनीला जोडलेला, पडद्यावर दोऱ्याएवढा बारीक दिसला. मनगटापासून कोपराकडे गेलेला व्रण मी रोज पाहतो. ती धमनी मात्र फुकट गेली होती.

डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्वीच्या अँजिओग्राफीची सीडी लावली आणि कारण कळलं. त्या वेळी उजव्या धमनीत अडथळा होता साधारण ६० टक्के. म्हणजे मूळ वाटेनं रक्त बऱ्यापैकी वाहत होतं. पाटाला दोन्हीकडून पाणी सोडलं की कमी जोराचं पाणी तुंबतं, तसंच इथे होतं. ग्राफ्टमधला प्रवाह मंदावतो. हातातली धमनी स्नायूंची असते. वाहतं रक्त कमी झालं की ती आकसते, आणि शेवटी बंदही पडते. पुढे मूळ धमनीतला अडथळा वाढला, तेव्हा ग्राफ्टचा आधार उरलेला नव्हता. मला स्टेंट घालावा लागला.

‘छाती उघडलीच आहे तर सगळंच करून टाका,’ असं घरचे म्हणतात, तेव्हा त्यामागे माया असते. पण जास्त ग्राफ्ट म्हणजे जास्त सुरक्षितता, हे खरं नाही. हातातली धमनी वापरायची तर हृदयाच्या डाव्या बाजूला अडथळा ७० टक्क्यांहून जास्त आणि उजव्या बाजूला ९० टक्क्यांच्या आसपास असावा, असं सर्जन मानतात. मधल्या आकड्यांसाठी एफएफआर तपासणी आहे: बारीक तार घालून अडथळ्याच्या आधीचा आणि पुढचा दाब मोजतात. पुढच्या दाबाचं आधीच्या दाबाशी गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आलं, तर अडथळा खरोखर रक्त अडवतोय. मात्र नुसत्या टक्केवारीवर निर्धास्त राहू नका. डाव्या मुख्य धमनीत ५० टक्केसुद्धा गंभीर धरतात.

तातडीचं ऑपरेशन असेल तर वेळ घालवू नका. ठरवून होणार असेल, तर प्रत्येक धमनीचा आकडा वेगळा विचारा, कुठल्या धमनीला कुठली रक्तवाहिनी जोडणार ते लिहून घ्या, आणि अँजिओग्राफीची सीडी जपून ठेवा.