प्लास्टिकमधून वीज आणि बीएस्सीची वाट
नीटला नंबर लागला नाही, इंजिनिअरिंगला मनासारखं कॉलेज मिळालं नाही, की घरात बीएस्सीचं नाव जरा खालच्या आवाजातच निघतं. भोकरदनच्या पालकांशी मला त्याच बीएस्सीबद्दल बोलायचं आहे.

त्या वाटेने कुठवर जाता येतं, ते एका उदाहरणातून बघू. प्लास्टिकमधून वीज जात नाही, असं आपण शाळेत शिकलो. पण 1977 मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिॲसिटिलीन या प्लास्टिकला आयोडीनची जोड दिली आणि त्यातून वीज वाहू लागली. 2000 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. आता काम पुढे गेलंय. काचेवर किंवा लवचिक फिल्मवर पाणी धरणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या जागा आधी आखून ठेवतात. वरून अशा वीजवाहक पॉलिमरचं, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचं, द्रावण सोडलं की ते आपणहून आखलेल्या रेषांवरच बसतं. सर्किट वेगळं कोरावं लागत नाही.

हे सगळं परदेशातलं, असं समजू नका. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचा 2009 च्या एका संशोधनात सहभाग होता. पॉलिॲनिलीन या वीजवाहक पॉलिमरच्या अतिसूक्ष्म तारा आणि सोन्याचे कण वापरून त्यात हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणारा सेन्सर केला होता. हे पॉलिॲनिलीन मोठं गमतीचं. वीज वाहत असताना हिरवं. अमोनिया लागला की निळं पडतं, वाहकता कोसळते. आम्ल दिलं की पुन्हा हिरवं. ज्या पोराला हे बघून 'का?' असं विचारावंसं वाटतं, ते या वाटेचं.

वाट मात्र लांब आहे. नुसत्या बीएस्सीवर या विषयात नोकरी मिळत नाही. एमएस्सी करावी लागते (आयआयटीत हवी असेल तर जॅम परीक्षा), मग पीएचडी. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा 37,000 रुपये, म्हणजे तिथून पुढे घरावर भार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पॉलिमरवर संशोधन चालतं. घरी पगार लवकर यायला हवा असेल, तर जालन्यातच मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा (आयसीटी) मराठवाडा कॅम्पस आहे. तिथे केमिकल इंजिनिअरिंगचा पाच वर्षांचा एकात्मिक एमटेक आहे. रंग, छपाईची शाई, कोटिंग बनवणाऱ्या कंपन्यांना पॉलिमर जाणणारी माणसं लागतातच.

कॉलेज निवडताना इमारत नंतर बघा. आधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा: प्रॅक्टिकल स्वतः करता, की जर्नल उतरवून काढता?