वाट बघणारी भिंत

कुडाळ,
आषाढ वद्य पंचमी

चि. सई हिस,


तुझं पत्र काल पोचलं. फोन न करता चार पानं लिहून काढलीस, त्यावरूनच कळलं की हे बरेच दिवस मनात घोळत असणार. फुलं-पानं, व्हाळ, गुरं हे काही विषय होत नाहीत, ते सुट्टीतल्या छंदवर्गाचं काम, असं कॉलेजात सरांनी तुला सुनावलं आणि तेव्हापासून तू ब्रश हातात धरलेला नाहीस. शेवटच्या पानावर विचारतेस, ‘मामा, गावात राहून इतकी वर्षं तेच तेच काढताय, तुम्हाला कंटाळा येत नाही?’ प्रश्न तू मनापासून विचारला आहेस, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं. पाऊस धरून आहे, परड्यात आज काही करण्यासारखं नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो.

कंटाळा येत नाही, बाय. कारण मला वर्षभर कुणी ना कुणी कामाला बोलावत असतं. कधी झाड बोलावतं, कधी माणूस. आज काय काढू असा प्रश्न घेऊन मी सहसा बसतच नाही. काय काढायचं ते दारात येऊन उभं असतं आणि थोड्या दिवसांत निघूनही जाणार असतं.

फाल्गुनातली सुरंगी घे. विहिरीमागचं झाड तुला आठवत असेल. सुरंगीची फुलं डहाळीच्या टोकाला येत नाहीत, जुन्या जाड फांद्यांना झुबक्यांनी चिकटून येतात. कळी गोल, पांढुरकी, मिरीहून थोडी मोठी. ती उमलली की आत पिवळ्याधमक केसरांचा नुसता गुच्छ, आणि मग मधमाश्यांची अशी झुंबड उडते की झाडच गुणगुणायला लागतं. वळेसराला, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्याला, फुलं हवीत ती उमलायच्या बेतातली, म्हणून वेंगुर्ल्याकडे आसोली-आरवलीच्या बायका भल्या सकाळी झाडाखाली चादरी पसरून बसलेल्या दिसतात. आपल्याकडेही शेजारच्या काकी उजाडायच्या आत हाक मारतात. मी शिडी धरतो, त्या फुलं काढतात, आणि त्यांची टोपली भरेपर्यंतचा वेळ माझा. राखाडी खडबडीत साल, त्यावर ते पिवळं, आणि ऊन चढण्याआधीचा निळसर प्रकाश. तासाभरात हे सगळं पालटतं, त्यामुळे पेन्सिलीने कोरीव काम करत बसायला फुरसत नसते, सरळ ब्रशच लावावा लागतो. हात सैल सोडायला मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या झाडाने जास्त शिकवलं. महिना-दीड महिना हा उद्योग चालतो. मग उरलेल्या कळ्या वाळवून बाजारात जातात आणि झाड पुढच्या सालापर्यंत गप्प बसतं.

मिरग लागला की हिरव्याची परीक्षा. ट्यूबमधला हिरवा वापरू नकोस असं मी तुला आठवीपासून सांगत आलो. आता कारणही सांगतो. आत्ता खिडकीतून लावणीचं शेत दिसतंय. त्याचा हिरवा जवळजवळ पिवळाच आहे, लिंबू पिवळ्यात निळ्याचं जेमतेम एक टोक बुडवलं की झाला. श्रावणात त्यात निळा वाढत जातो. नवरात्रात लोंबी भरली की हाच हिरवा तांबूस होतो, तेव्हा चिमूटभर बर्न्ट सिएना लागतो. शेताचा एकच कोपा, पण चार महिन्यांत पॅलेट चार वेळा बदलावी लागते. शिवाय हवासुद्धा चित्र काढते. वैशाखात वॉश टाकता टाकता वाळतो आणि कडा करकरीत उठतात. आता आषाढात कागद ओलाच राहतो, एक रंग दुसऱ्यात उतरत जातो, म्हणून डोंगर आणि ढग यांच्या मधली जागा रंगवायचे दिवस हेच. उन्हाळ्यात तो परिणाम कितीही मनात आणलं तरी साधत नाही. ज्या दिवसांत जे होण्यासारखं आहे ते तेव्हाच करावं, हा माझा नेम. रोपं लावणारा माणूस हे कुणी न सांगता पाळतो, चित्रकाराला मात्र मुद्दाम सांगावं लागतं.

तुझे सर निसर्गचित्राला जुनाट म्हणाले असतील, पण क्लोद मोनेची कमळं त्यांनी तुम्हाला स्लाइडवर दाखवली असतीलच. त्या चित्रांआधी काय झालं तेही वाच. मोने 1883 साली जिव्हर्नीला भाड्याच्या घरात राहायला गेला, 1890 साली ते घर विकत घेतलं, आणि 1893 साली लागून असलेली जमीन घेऊन तळं करायला काढलं. ओढ्याचं पाणी वळवायला परवानगी लागत होती. परदेशी झाडांनी पाणी विषारी होईल, या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला. अर्ज-विनंत्या करून अखेर तळं झालं, कमळं लावली. ती रंगवायला त्याने मन लावून घेतलं ते त्यानंतर काही वर्षांनी. आधी लावली, वाढू दिली, रोज बघितली, मग रंगवली. मोतीबिंदूने रंग ओळखू येईनासे झाले तरी तो त्या तळ्याकडेच वळत राहिला. 1926 मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या ऑरांजरीमध्ये ती भिंतभर चित्रं लोकांसाठी खुली झाली. त्याच्याकडे माळी होते, पैसा होता, हे खरं. पण एका जागेला तीस-चाळीस वर्षं देण्याची तयारी पैशाने येत नाही.

लांब कशाला जा, आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान बघ. मुंबईला जे. जे. मध्ये शिकले, नाव कमावलं, आणि कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. पण त्यांचं मन रमलं ते रंकाळ्याच्या काठी, संध्यामठापाशी, कोटितीर्थावर. तेच पाणी, तीच झाडं, सकाळची वेगळी, तिन्हीसांजेची वेगळी. 1931 मध्ये ते गेले. कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांनी निसर्गाकडे बघायला त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. आता हा विषय लहान म्हणायचा का, ते तूच ठरव.

आता माणसांचं सांगतो. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते वाक्य असं होतं की, ‘माझी चित्रं कुणाला हवी आहेत?’ सई, हा प्रश्न खोलीत एकटीने बसून सुटणारा नाही. कुणाला तरी तुझ्या हाताची गरज आहे अशा जागी जाऊन उभं राहावं लागतं.

नागपंचमीच्या आसपास गावातली माणसं आपापला पाट गणपतीच्या शाळेत नेऊन देतात. कुणाचा पाट कुठला हे मूर्तिकाराला सांगावं लागत नाही. मूर्ती घडते ती त्या घराची म्हणून घडते, आणि चतुर्थीला नेताना पान-सुपारी, नारळ ठेवून नेतात. पाट गेले की दोन-चार दिवसांत माझ्याकडे हाका यायला लागतात, ‘मास्तरांनू, औंदा भितीर काय काढतल्यात?’ गणपतीच्या मागची भिंत दर वर्षी नव्याने रंगवायची ही आपल्याकडची रीत मुंबईत तुझ्या मैत्रिणींना सांगून बघ, त्यांना नवल वाटेल. पूर्वी चुना, काव, नीळ आणि काजळी एवढ्यावर भागायचं, आता डिस्टेंपर आणि स्टेनरच्या बाटल्या आल्या. गेल्या सालचं चित्र वर्षभर समईच्या धुराने काळवंडलेलं असतं, त्यावर पांढरा हात मारायचा आणि पुन्हा सुरुवात.

ही भिंत तुमच्या कॅनव्हासपेक्षा अवघड. मधला भाग मूर्तीने झाकला जाणार, तेव्हा चित्राला मध्य नाहीच. सगळं कडेने आणि वरून सांगायचं. उजेड समईचा, म्हणजे खालून येणारा आणि हलणारा. त्यात बारीक रेघा दिसत नाहीत आणि गडद निळा तर काळाच दिसतो. बघणारे जमिनीवर बसून बघणार, म्हणून वरच्या आकृती थोड्या लांबट काढायच्या. वर माटवी टांगली जाणार, त्यात नारळ, तवसं, सुपारीचे शिपटे, केशरी कवंडळं, कांगल्या, हरणं आणि आंब्याचे टाळे. रानाचे इतके रंग आधीच समोर असताना भिंतीने किती बोलायचं हे कळावं लागतं. मूर्तीहून उजळ काहीही नको. एवढ्या अटी पाळून चित्र जमलं की जो आनंद होतो, तो मी कुठल्या प्रदर्शनात अनुभवलेला नाही.

आणि मग रात्री भजनी मंडळ येतं. आरती होते, उसळ-पाव किंवा करंज्या-लाडू होतात, आणि मृदंग बाजूला ठेवून कुणीतरी भिंतीकडे बोट करून म्हणतो, ‘ह्यो आमच्या व्हाळाकडचो पिंपळ मां?’ लगेच दुसरा म्हणतो, तो पिंपळ असा डावीकडे झुकलेला नाही. वाद रंगतो. अर्धा गाव माझ्या चित्रासमोर बसून एका झाडाच्या वळणावर भांडतो, याहून मोठी दाद मला माहीत नाही. पुढच्या श्रावणात त्याच्यावर चुना बसणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, उलट त्यामुळेच हात मोकळा राहतो. साठवून ठेवायची चित्रं मी कागदावर वेगळी काढतोच, तीही तुला ठाऊक आहेत.

तेव्हा माझा सल्ला असा की, मुंबईतही वर्षाने तुझ्याकडे काही मागावं अशी सोय करून घे. खोलीच्या खिडकीत अबोली लाव. तुझ्या आईबरोबर बी पाठवतो. तिची बोंडं पिकली आणि पावसाचा थेंब पडला की तडकतात आणि बी लांब उडतं, त्यामुळे ती आधीच गोळा करावी लागतात, हे तुला करताना कळेल. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. 1862 पासूनची बाग आहे, झाडं जुनी आहेत. तिथली गोरखचिंच आत्ता पानांनी भरलेली बघून ये आणि उन्हाळ्यात निष्पर्ण होईल तेव्हा परत जा. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, ती बघितलीस की आपली सुरंगी आठवेल. एकच झाड धर आणि त्याच्याकडे प्रत्येक ऋतूत जात राहा. दादरच्या फुलबाजारात पहाटे जाऊन बघ, गावोगावचा माल टोपल्यांतून उतरताना कुठल्या दिवसांत काय येतं ते लिहून ठेव. स्केचबुकाच्या प्रत्येक पानावर तिथी घाल, जागा लिही. वर्षाने मागे वळून चाळशील तेव्हा ‘विषय’ कुठून आणू हे विचारावं लागणार नाही.

आणि तुझ्या इमारतीत, वाडीत, कुठेही, कुणासाठी तरी काहीतरी काढ. वॉचमनच्या मुलीला एलिमेंटरीची परीक्षा द्यायची आहे असं तूच लिहिलं होतंस. तिला रविवारी बसव. वस्तुचित्र कुणीही शिकवील, तू स्मरणचित्र शिकव. बाजार, बसस्टॉप, पाण्याचा नळ, तिने रोज बघितलेलं तिच्याकडून काढून घे. तिचं बोट कुठे अडतं ते बघताना तुझं तुला बरंच काही सुधरेल. हे मी चौतीस-पस्तीस मुलांच्या वर्गात उभा राहून शिकलो आहे. त्या वर्गात एक तूही होतीस.

कॉलेजातलं शिक्षण मात्र अर्धवट सोडू नकोस. तिथे जे नवं दाखवतात ते डोळे उघडे ठेवून बघ, वाद घाल, मोठी कामं कर, मांडणीशिल्प करायला सांगितलं तर तेही मनापासून कर. कुणाच्या एका शेऱ्याने हात थांबू देऊ नकोस एवढंच. शेरा चित्रावरचा असतो, तो चित्रापुरता ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं.

आता कामाचं. काकींच्या माजघरातली भिंत मी यंदा तुझ्या नावाने मागून घेतली आहे. त्यांनी अट एकच घातली, मोर नको, गेल्या साली झाला. मला वाटतं सुरंगीचं झाड घ्यावं, पण ठरवायचं तू. चतुर्थीच्या आठ दिवस आधी ये, भिंत ओली असते, पांढऱ्याचे दोन हात वाळायलाच तीन दिवस जातात. तुतारी किंवा कोकणकन्येचं तिकीट मिळालं तर उत्तम, नाहीतर एसटी आहेच. माटवीचं सामान आणायला आदल्या दिवशी पोरांबरोबर रानात जायचं आहे, तेव्हा पायात जुने बूट आण. शेरवडीचं ते पांढरं पान, ज्याला आपण सगळे फूल समजतो, ते जवळून बघून ठेव. चित्रात त्याला पांढरा रंग लावायचा नाही, कोरी भिंतच सोडायची.

येताना क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानातून दोन इंची सपाट ब्रश दोन, आणि लिंबू पिवळ्या स्टेनरच्या दोन बाटल्या घेऊन ये. नीळ आणि काव इथे मिळते, ती आणू नकोस.

तुझा,
मामा