साचा कोरा ठेव

चि. बाळास,


कचेरीसमोर तुझं टायपिंगचं दुकान सुरू झालं. ताईनं फोटो पाठवला, फार आनंद वाटला. फोटोत तुझा कॉम्प्युटरही दिसला आणि पडद्यावर ‘खरेदीखत फायनल’, ‘खरेदीखत फायनल २’, ‘खरेदीखत नवीन फायनल’ अशा फायली. म्हणून लगेच लिहायला बसलो.

मीही कित्येक वर्षं तेच केलं. नवं गिऱ्हाईक आलं की आधीच्या कुणाचं तरी खरेदीखत उघडायचं, नावं बदलायची, सेव्ह अ‍ॅज करायचं. एकदा लिहून देणार, लिहून घेणार, गट नंबर, रक्कम सगळं बदललं. चतुःसीमेत पूर्वेला मात्र जुन्या दस्तातल्या शेजाऱ्याचं नाव राहून गेलं. दस्त नोंदला गेला. घेणारा पुढे कर्जासाठी गेला तेव्हा वकिलानं त्या ओळीवर बोट ठेवलं. चूक दुरुस्ती पत्रासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा निबंधकांसमोर यावं लागलं. विकणारे म्हातारे गृहस्थ मुलाच्या खांद्याला धरून जिना चढले. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तो जिना मी अजून विसरलेलो नाही.

साच्यानं वेळ वाचतो, हे तुला कुणीही सांगेल. मी सांगतो ते वेगळं आहे. एकाचं नाव दुसऱ्याच्या कागदात जाऊ नये, यासाठी साचा लागतो. त्यात कुणाचंही नाव, जमीन किंवा आकडा असता कामा नये. त्या जागी ठळक खूण टाक, समज तीन चौकोन, आणि त्यांना पिवळा रंग दे. काम झालं की छापण्याआधी ती खूण शोधायची. एकही सापडली नाही तरच प्रिंट.

हे झालं की सेव्ह अ‍ॅजमध्ये फाइलचा प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवड. शेपटी ‘डॉटएक्स’ची होते. अशा फाइलवर डबल क्लिक केलं की मूळ साचा उघडत नाही, त्याची बिननावाची नवी प्रत उघडते. घाईत सेव्ह दाबलंस तरी साचा शाबूत. साच्यातच दुरुस्ती करायची असेल तर राइट क्लिक करून ‘ओपन’ म्हण. लिबर ऑफिस वापरत असशील तर तिथे फाइल मेनूतल्या टेम्प्लेट्समधून ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’ कर.

आता पानाची आखणी. मुद्रांकाच्या कागदावर पहिल्या पानाचा वरचा भाग सोडावा लागतो. त्यासाठी पंधरा वेळा एंटर मारू नकोस. वर एक ओळ वाढली की सगळा मजकूर सरकतो. वर्डमध्ये हेडरला ‘डिफरंट फर्स्ट पेज’ कर आणि पहिल्या पानाच्या हेडरमध्ये हवी तेवढी मोकळी जागा ठेव. मजकूर आपोआप खाली उतरतो, तोही फक्त पहिल्या पानावर. लिबर ऑफिसमध्ये एफ-११ दाबून पहिल्या पानाची पेज स्टाइल वेगळी कर आणि तिच्यानंतर कोणती स्टाइल लागायची ते तिथेच नेमून दे. स्टेपल किंवा दोरा येतो तिकडची डावी समासपट्टीही साच्यातच रुंद ठेव.

कागदाचा आकारही आधी तपास. नवं वर्ड कधी कधी ‘लेटर’ धरून बसतं. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर त्याहून ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड. लेटरवर आखलेलं ए-फोरवर छापलं की ओळी नेमक्या सहीच्या जागी तुटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या कामासाठी तर २०२० पासून ए-फोर, १४ चा टाइप, दीडपट ओळ-अंतर, डावी-उजवीकडे ४ आणि वर-खाली २ सेंटिमीटर असं ठरूनच दिलेलं आहे. एखादे वकील तसं काम घेऊन आले तर त्याचा साचा वेगळा ठेव.

मराठीसाठी एक खास गोष्ट. स्टाइल बदलताना फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा निराळा रकाना असतो. देवनागरी अक्षराचा फॉन्ट आणि आकार तिथून ठरतो. वरच्या रकान्यात कितीही मोठा आकडा घातलास तरी ‘प्रतिज्ञापत्र’ हा शब्द तसूभर हलणार नाही. ओळ-अंतरही जरा सैल ठेव. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकले की म्हातारी माणसं वाचायचं सोडून नुसती सही करतात, आणि मला तेच नको आहे.

वर्ड हे साचे डॉक्युमेंट्समधल्या ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये ठेवतं. कॉम्प्युटर फॉरमॅट करताना त्या फोल्डरची प्रत घ्यायची हमखास राहून जाते. पेनड्राइव्हवर एक प्रत ठेव, दुसरी घरी.

माझे साचे मी तुला मुद्दाम पाठवत नाही. प्रत्येक वाक्य स्वतः वाचून तू तुझे कर. आज रात्री दुकान बंद करण्याआधी खरेदीखताचा एक साचा तयार कर, आणि पडद्यावरच्या त्या तीन ‘फायनल’ फायली त्या-त्या गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये टाकून दे.

तुझा,
मामा