नंबर एक स्क्वाड्रन : टेहळणी, बॉम्ब आणि वर्कशॉप

हॉस्टेलच्या खोलीत विमानाचं पोस्टर लावायचं झालं तर ते सुखोईचं असतं, फार तर मिराजचं. टेहळणीच्या विमानाचं पोस्टर लावलेला मुलगा मी तरी अजून पाहिलेला नाही. पण मित्रांनो, लढाईत विमानाला पहिलं काम मिळालं ते टेहळणीचंच. वर जा, बघा आणि परत येऊन सांगा. बॉम्ब टाकणं आणि एकमेकांना पाडणं हे सगळं त्यानंतर आलं. आपल्या वायुदलाची पहिली स्क्वाड्रनसुद्धा याच कामासाठी उभी राहिली. तिची गोष्ट आपल्या ब्रँचच्या मुलांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे, कारण त्यात पायलटांइतकाच वर्कशॉपचा वाटा आहे.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी वायुदलाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर नंबर एक स्क्वाड्रन सुरू झाली. स्क्वाड्रन म्हणायचं एवढंच, खरं तर ती एकच फ्लाइट होती. चार वापिटी विमानं, इंग्लंडला क्रॅनवेलमध्ये शिकून आलेले पाच भारतीय पायलट, सामानसुमान बघणारा एक अधिकारी आणि १९ हवाई सिपाही. मुख्य होते बूशिए नावाचे इंग्रज अधिकारी. पाच पायलटांपैकी सुब्रतो मुखर्जी हे नाव आपल्याला माहीत असतं, शाळांच्या सुब्रतो कप फुटबॉलमुळे. त्या पाचांपैकी भूपेंद्र सिंग आणि अमरजित सिंग पहिल्याच वर्षी अपघातात गेले. पाचातले दोन! सुरुवात अशी झाली.

वापिटी हे दोन पंखांचं, उघड्या कॉकपिटचं विमान. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. इंग्रजांनी ते घेतलं त्याचं एक कारण अगदी हिशोबी होतं. पहिल्या महायुद्धातल्या जुन्या डी.एच. ९ए विमानांचे सुटे भाग गोदामात पडून होते, आणि नव्या विमानात ते जास्तीत जास्त वापरता यावेत अशी अटच डिझाइनला घातलेली होती. मागच्या बॅचची जर्नल्स नवीन कव्हर घालून सबमिट करणाऱ्यांना हे तत्त्व समजावून सांगायला नको.

या स्क्वाड्रनचं काम होतं 'आर्मी को-ऑपरेशन', म्हणजे पायदळाचे डोळे व्हायचं. तेव्हा विमानात चांगला रेडिओ असेलच असं नसे. जमिनीवरचे सैनिक कापडाच्या पट्ट्या ठरावीक पद्धतीने पसरून खूण करत आणि पायलट ती वरून वाचत असे. उत्तर द्यायचं तर चिठ्ठी पिशवीत घालून खाली टाकायची. खालची चिठ्ठी वर घ्यायची तर दोन काठ्यांमध्ये दोरी बांधून तिला पिशवी लावत, आणि विमान अगदी खालून येऊन आकड्याने ती उचलून नेत असे. बॉम्ब हे जोडकाम होतं.

हे जोडकाम कुठे करायचं, तर वझिरिस्तानात. १९३७ पासून स्क्वाड्रन मिरानशाहच्या किल्ल्यातून उडू लागली. इंग्रजांची रीत अशी, की टोळ्यांनी बंड केलं की आधी विमानातून पत्रकं टाकून गाव रिकामं करायला सांगायचं आणि मग गावावर बॉम्ब टाकायचे. मनुष्यहानी टळते म्हणून ही पद्धत सौम्य, असं तेव्हा समर्थन केलं जाई. घर जमीनदोस्त झालेल्या माणसाला ती किती सौम्य वाटली असेल ते आपणच ठरवावं. आपल्या पहिल्या वैमानिकांनी लढाईचे धडे गिरवले ते इथे, साम्राज्याच्या कामावर, हे लपवण्यात अर्थ नाही. तिकडूनही गोळ्या येत होत्याच. पुढे वायुसेनाप्रमुख झालेले अर्जन सिंग तरुणपणी याच भागात जमिनीवरच्या गोळीबाराने खाली आले होते. ते आणि त्यांचा गनर दोघंही वाचले.

आता त्या १९ हवाई सिपायांकडे येऊ. भारतीय माणूस एकवेळ विमान उडवेल, पण ते सांभाळणं त्याला जमणार नाही, असं बऱ्याच साहेबांचं मत होतं. या सिपायांमध्ये हरजिंदर सिंग नावाचा एक तरुण होता. लाहोरच्या मॅक्लॅगन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला. विचार करा, इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा वायुदलात सर्वांत खालच्या पायरीवर भरती होतो! कारण वरची पायरी यंत्र सांभाळणाऱ्या भारतीयासाठी ठेवलेलीच नव्हती. आपल्याकडे कॅम्पसला पॅकेज कमी मिळालं तर आठवडाभर मेसला न जाणारी मुलं आहेत. हरजिंदर इंजिन खोलत राहिला. फ्लाइटमधली विमानं उडत राहिली ती या सिपायांच्या हातांवर.

१६ मार्च १९३९ रोजी सुब्रतो मुखर्जी स्क्वाड्रनचे मुख्य झाले. पहिल्यांदाच भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसला. १९४१ मध्ये स्क्वाड्रनला नवीन विमानं मिळाली, लायसँडर. ही बाराच्या बारा विमानं मुंबईकरांच्या वर्गणीतून आलेली होती. मुंबईच्या वॉर गिफ्ट्स फंडातर्फे गव्हर्नर रॉजर लमली यांनी ती नोव्हेंबरमध्ये पेशावरला स्क्वाड्रनच्या हवाली केली.

लायसँडरवर थोडं थांबू या, कारण मेकॅनिकलवाल्यांसाठी ती छान केस आहे. वेस्टलँड कंपनीच्या पेटर या डिझायनरने कागदावर रेघ मारण्याआधी पायलटांना जाऊन विचारलं की तुम्हाला नक्की काय हवं. उत्तरं मिळाली : खालचं स्पष्ट दिसायला हवं, हळू उडता यायला हवं आणि छोट्या शेतात उतरता यायला हवं. म्हणून त्याने पंख पायलटच्या डोक्यावर नेले. पंखांच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांना मागचे फ्लॅप जोडले. वेग कमी झाला की पट्ट्या स्वतः बाहेर येत आणि फ्लॅप खाली जात. पायलटने काहीच करायचं नाही. ताशी सुमारे १०५ किलोमीटर इतक्या कमी वेगापर्यंत ते हवेत टिकून राही.

पण फुकट काहीच मिळत नाही. इतक्या हळू उतरायचं तर शेपटीचा ट्रिम 'नाक वर' ठेवावा लागे. उतरता उतरता विचार बदलला आणि ट्रिम न फिरवताच पूर्ण थ्रॉटल दिला, तर नाक एकदम वर जायचं, वेग संपायचा आणि विमान कोसळायचं. एका बाजूची सोय दुसऱ्या बाजूला बिल पाठवते, ते असं. (जाता जाता, या पेटरचीच पुढची दोन विमानं म्हणजे कॅनबेरा आणि नॅट. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघून गोव्याच्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते १२ कॅनबेरांनी. १९६५ मध्ये पाकिस्तानी सेबरना घाम फोडला तो नॅटने. एकाच डिझायनरची तीन विमानं आपल्या वायुदलाने लढाईत वापरली!)

१ फेब्रुवारी १९४२ रोजी स्क्वाड्रन ब्रह्मदेशातल्या टाँगू तळावर पोचली. मुख्य होते 'जंबो' मजुमदार. जपानी सैन्य झपाट्याने पुढे येत होतं. स्क्वाड्रन पोचते न पोचते तोच जपानी विमानांनी टाँगूवर बॉम्ब टाकले. लायसँडर लांब लांब विखरून ठेवलेली असल्याने वाचली. पण पुढे काय? हातात असलेलं विमान संथ, टेहळणीचं, चाकं आत न जाणारं. जपानी फायटर गाठलं तर संपलंच. चाकांच्या आवरणांवर जे आखूड पंख असत ते हलक्या बॉम्बसाठी होते. इथे प्रत्येक विमानावर अडीचशे पौंडांचे दोन बॉम्ब चढवले गेले. म्हणजे एकूण २२७ किलो, आपल्या मेसमध्ये नीट जेवणारी तीन मुलं विमानाच्या पायांना लटकवावीत तसे. तिथे वॉरंट ऑफिसर होते हरजिंदर सिंग.

मजुमदार एकटेच निघाले. सोबतीला इंग्रजांची दोन बफेलो फायटर. थायलंडच्या हद्दीतल्या मे हाँग सोनच्या जपानी तळावर ते झाडांच्या शेंड्यांवरून गेले आणि हँगरवर बॉम्ब टाकून परत आले. दुसऱ्या दिवशी पूर्ण स्क्वाड्रन त्याच तळावर गेली. नंतर थायलंडमधल्या इतर तळांवरही हल्ले झाले. ब्रह्मदेश त्यामुळे वाचला का? नाही. मार्चमध्ये स्क्वाड्रनला परतावं लागलं. मजुमदारांना डीएफसी मिळालं, हरजिंदर सिंगांना एमबीई. 'सांभाळणं जमणार नाही' हे मत त्यानंतर उघडपणे मांडणं साहेबांना अवघड झालं असावं.

नंतर हरिकेन विमानं आली आणि स्क्वाड्रन पुन्हा मूळ कामावर गेली. १९४४ च्या सुरुवातीला अर्जन सिंगांच्या हाताखाली ती इंफाळला गेली. मार्चच्या अखेरीपासून २२ जूनपर्यंत इंफाळचा रस्ता तुटलेला होता आणि गावाला येणारं सगळं विमानाने येत होतं. हरिकेन जोडीने निघत. पुढचा खाली बघत राही आणि मागचा नागमोडी उडत आकाशावर नजर ठेवी. खाली मणिपूरचं दाट जंगल, त्यात जपानी दिवसा लपत आणि रात्री चालत. चुलीचा धूर, वाळलेल्या फांद्या, नवीन मळलेली पायवाट, असल्या खुणांवरून माहिती काढायची. पाठोपाठ फोटो आणायचे. हे काम फार कंटाळवाणं आणि तितकंच धोक्याचं, कारण खालून बघायचं म्हणजे खालून दिसायचंही. अर्जन सिंगांना डीएफसी मिळालं ते इथेच, माउंटबॅटन यांच्या हस्ते. स्क्वाड्रन इंफाळला १४ महिने होती.

मजुमदार तोवर युरोपात पोचले होते. नॉर्मंडीच्या लढाईत त्यांनी इंग्रजांच्या २६८ स्क्वाड्रनमधून टेहळणीची उड्डाणं केली आणि डीएफसीला बार मिळवला, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा. इतक्या लढायांतून ते सुखरूप परत आले, आणि १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरच्या वॉल्टन तळावर हरिकेनच्या कसरती दाखवताना अपघातात गेले. वय ३१.

हरजिंदर सिंग पुढे एअर व्हाइस मार्शल झाले, आणि त्यांच्याच देखरेखीखाली कानपूरला जोडलेलं पहिलं अ‍ॅव्रो विमान १९६१ मध्ये उडालं. फाळणीत मात्र नंबर एक स्क्वाड्रनचा नंबरच भारताच्या यादीतून गेला. १९५३ साली १५ नंबरच्या स्क्वाड्रनला तो नंबर देऊन ती परत उभी करण्यात आली, आणि १९८६ पासून ती मिराज २००० वर आहे. म्हणजे भिंतीवरचं ते मिराजचं पोस्टर काढायचं कारण नाही.