जुना संगणक, नवी तार आणि मधला दुभाषी
आयएसडीएन जोडणीसाठी लागणाऱ्या शेअरवेअर ड्रायव्हरांचा अभ्यास

यंत्र विकत आणले व तारेला जोडले म्हणजे ते चालू लागते, अशी सर्वसामान्य समजूत असते. संगणकाच्या बाबतीत ही समजूत पुरती खरी नाही. संगणकात बसविलेले कार्ड आणि त्याचा उपयोग करणारी आज्ञावली या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी एक लहान आज्ञावली असावी लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषी नसेल तर महागडे कार्डही निरुपयोगी ठरते. तो चांगला असेल तर दहा वर्षांचा जुना संगणकही नव्या तारेवर काम करतो.

१९९० च्या दशकात जर्मनीत आयएसडीएन या दूरध्वनी सेवेच्या संदर्भात याचा मोठ्या प्रमाणावर अनुभव आला. यांतील काही महत्त्वाचे ड्रायव्हर मोठ्या कारखानदारांनी नव्हे, तर एकदोघा अभ्यासू आज्ञावलीकारांनी लिहिले आणि ‘आधी वापरून पाहा, उपयोगी वाटल्यास मोल द्या’ या शेअरवेअर पद्धतीने लोकांपर्यंत पोहोचविले. ते कसे घडले आणि त्यातून काय शिकण्यासारखे आहे, याचा विचार येथे केला आहे.

१. आयएसडीएन म्हणजे काय

आयएसडीएन म्हणजे इंटिग्रेटेड सर्व्हिसेस डिजिटल नेटवर्क. आवाज, लेखी मजकूर, चित्रे व संगणकाची माहिती या सर्वांना एकाच अंकीय तारेवरून नेणारी ही व्यवस्था होय. तिच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी १९८४ साली प्रसिद्ध झाल्या व १९८८ साली त्या अधिक विस्ताराने मांडण्यात आल्या. जर्मनीत १९८७ साली मानहाइम व स्टुटगार्ट या शहरांत प्रायोगिक सेवा सुरू झाली आणि १९८९ पासून ती ग्राहकांसाठी खुली करण्यात आली.

अंकीय दूरध्वनी केंद्रांची ओळख आपल्याकडेही त्याच दशकात झाली. बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे १९८६ साली सी-डॉट या भारतीय संस्थेने तयार केलेले ग्रामीण इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू झाले. परंतु केंद्र अंकीय असले तरी तेथून घरापर्यंत जाणारी तार सामान्यतः जुन्याच पद्धतीने आवाजाच्या लहरी वाहून नेत असे. आयएसडीएनने हा शेवटचा टप्पाही अंकीय केला.

घरगुती स्वरूपाच्या मूळ जोडणीत तीन मार्ग असतात. दोन ‘बी’ मार्ग प्रत्येकी सेकंदाला ६४,००० बिट वाहून नेतात. तिसरा ‘डी’ मार्ग १६,००० बिटांचा असून क्रमांक फिरविणे, घंटी वाजविणे, जोडणी तोडणे अशा संकेतांसाठी तो वापरला जातो. तीनही मार्गांची बेरीज १,४४,००० बिट होते. दोन ‘बी’ मार्ग स्वतंत्र असल्याने एकावर बोलणे आणि दुसऱ्यावर संगणकाची माहिती पाठविणे एकाच वेळी शक्य होते.

याचा लाभ एका हिशेबाने स्पष्ट होईल. दहा लाख बाइटांची, म्हणजे ऐंशी लाख बिटांची एक फाइल पाठवावयाची आहे असे समजू. १४,४०० बिट वेगाच्या मोडेमला त्यासाठी सुमारे सव्वानऊ मिनिटे लागतील. एका ‘बी’ मार्गाने हेच काम सुमारे दोन मिनिटे पाच सेकंदांत होईल. प्रत्यक्षात तपासणीच्या खुणांमुळे थोडा अधिक वेळ जातो, तथापि दोहोंतील अंतर कायम राहते.

२. जुन्या संगणकाची अडचण

त्या काळातील पुष्कळ संगणक डॉस या कार्यप्रणालीवर चालत. बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी त्यांच्याजवळ क्रमिक द्वार, म्हणजे सीरियल पोर्ट असे. दळणवळणाच्या सर्व आज्ञावल्या या द्वारावर मोडेम आहे असे गृहीत धरूनच लिहिलेल्या होत्या.

आयएसडीएनचे उपकरण याच द्वाराला बाहेरून जोडता येत असे. परंतु तेथे मर्यादा होती. द्वाराचा नेहमीचा सर्वाधिक वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. प्रत्येक बाइटाच्या आठ बिटांना आरंभ व अखेर दाखविणारे आणखी दोन बिट जोडावे लागत असल्याने प्रत्यक्षात ११,५२० बाइटच जात. एका ‘बी’ मार्गाच्या ८,००० बाइटांना हे पुरेसे आहे. दोन्ही मार्गांच्या १६,००० बाइटांना मात्र पुरत नाही. शिवाय जुन्या संगणकांतील ८२५० जातीच्या चिपमध्ये आलेला एकच बाइट साठविण्याची सोय होती. पूर्ण वेगाने माहिती येत असता दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो. संगणक अन्य कामात गुंतला असेल तर आधीचा बाइट पुसला जाई. पुढील १६५५०ए या चिपमध्ये सोळा बाइटांची साठवण आली, पण जुन्या यंत्रांत ती नव्हती.

म्हणून संगणकाच्या आतच आयएसडीएनचे कार्ड बसविणे सोयीचे ठरले. ही कार्डे दोन प्रकारची. सक्रिय कार्डावर स्वतःचा प्रक्रियक असतो व तो जोडणीचे बरेचसे काम करतो. साहजिकच ते महाग. निष्क्रिय कार्ड स्वस्त, पण त्याचे सारे काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर पडते.

आत बसविलेल्या कार्डामुळे वेगाचा प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला. अशा कार्डाला क्रमिक द्वारच नसते. त्यामुळे जुनी आज्ञावली मोडेमचा शोध घेई आणि तो न सापडल्याने थांबे. कार्ड आहे, तार आहे, आज्ञावलीही आहे. पण तिघांचा परिचय करून देणारा कोणी नाही, अशी ही स्थिती होती.

३. दोन बाजू, दोन करार

ही अडचण दूर करण्यास जर्मन उत्पादकांनी उचललेले एक पाऊल पायाभूत ठरले. प्रत्येक कंपनीच्या कार्डाशी बोलण्याची रीत वेगळी राहिली तर आज्ञावली लिहिणाऱ्याला प्रत्येक कार्डासाठी वेगळी मेहनत करावी लागली असती. म्हणून त्यांनी एकत्र येऊन कॉमन आयएसडीएन एपीआय, संक्षेपाने कॅपी, नावाचा सामाईक संकेत ठरविला व तो प्रसिद्ध केला. कोणत्याही कंपनीचे कार्ड असो, त्यासोबतच्या ड्रायव्हरने कॅपीच्या ठरलेल्या आज्ञा ओळखाव्यात, असा हा करार होता. पुढे १९९३-९४ च्या सुमारास युरोपीय देशांनी मान्य केलेली समान संकेतपद्धती जर्मनीत आली, तेव्हा तिला अनुरूप अशी कॅपीची दुसरी आवृत्ती तयार झाली.

कार्डाच्या बाजूचा करार याप्रमाणे झाला. आज्ञावलीच्या बाजूला दोन जुने करार आधीपासून होते.

पहिला फॉसिल. १९८४ साली अमेरिकेत टॉम जेनिंग्ज यांनी सुरू केलेल्या फिडोनेट या हौशी संगणकजाळ्याच्या परिवारात तो जन्मला. दळणवळणाच्या आज्ञावलीने थेट चिपला हात न लावता ठरावीक क्रमांकाच्या इंटरप्टमार्फत ‘हा बाइट पाठव’, ‘आलेला बाइट दे’ असे सांगावे, ही त्यातील रीत. दुसरा पॅकेट ड्रायव्हर. एफटीपी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो प्रसिद्ध केला. जाळ्यावरील आज्ञावलीने माहितीचे संपूर्ण पाकीट कसे द्यावे व कसे घ्यावे, हे त्यात ठरविले आहे.

शेअरवेअर लेखकांनी ओळखलेली जागा ती हीच. एका बाजूला कॅपी समजणारी व दुसऱ्या बाजूला फॉसिल किंवा पॅकेट ड्रायव्हर यांपैकी एखादा करार पाळणारी आज्ञावली लिहिली, की जुन्या साधनांना नवी तार मिळणार होती. बॉन येथे विकसित झालेल्या सीफॉस या ड्रायव्हरच्या नावातच कॅपी व फॉसिल यांचा संयोग आहे. मोडेमला दिल्या जाणाऱ्या आज्ञा तो स्वीकारी आणि त्यांचे कॅपीच्या भाषेत रूपांतर करी. समोर मोडेम नसून आयएसडीएनचे कार्ड आहे, याचा जुन्या आज्ञावलीला पत्ताही लागत नसे. इस्पा या दुसऱ्या ड्रायव्हरने पॅकेट ड्रायव्हरच्या बाजूने हेच साधले. त्यामुळे ईथरनेट कार्डासाठी लिहिलेल्या डॉसवरील आज्ञावल्यांना आयएसडीएनच्या तारेवरून इंटरनेटशी संपर्क साधता आला.

हे सारे अत्यंत काटकसरीने करावे लागे. डॉसमध्ये आज्ञावल्यांना मिळणारी मुख्य स्मृती ६४० किलोबाइटांची. कार्डाचा ड्रायव्हर, त्यावरचा दुभाषी आणि मूळ आज्ञावली या सर्वांनी तीतच राहावयाचे असल्याने दुभाष्याला आपला आकार शक्य तितका लहान ठेवणे भाग होते.

४. शेअरवेअरचा व्यवहार

शेअरवेअरची प्रथा अमेरिकेत सुरू झाली. १९८२ साली अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी पीसी-टॉक ही दळणवळणाची आज्ञावली आणि जिम नॉफ यांनी पीसी-फाइल ही माहिती-संग्रहाची आज्ञावली या रीतीने वितरित केली. पुढील वर्षी बॉब वॉलेस यांनी आपल्या पीसी-राइट या आज्ञावलीसाठी शेअरवेअर हा शब्द वापरला व तो रूढ झाला. आज्ञावलीच्या प्रती कोणीही काढाव्यात, मित्रांना द्याव्यात, काही दिवस वापरून पाहाव्यात. काम समाधानकारक वाटल्यास लेखकाकडे ठरलेली रक्कम पाठवून नोंदणी करावी, असा हा व्यवहार होता.

ड्रायव्हरच्या बाबतीत या प्रथेचा विशेष उपयोग होता. एखादे कार्ड विशिष्ट संगणकात चालेल किंवा नाही हे कागदावर सांगणे कठीण असते. ग्राहकाला स्वतःच्या यंत्रावर आधी पडताळा घेता आला, की पैसे वाया जाण्याचा धोका राहत नसे. लेखकालाही दुकान, जाहिरात व खोके यांवर खर्च करावा लागत नसे. मात्र त्याची उपजीविका वापरणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राही. म्हणून अनेक आज्ञावल्यांत नोंदणीची आठवण देणारी सूचना, मुदत संपल्यावर काम थांबविणारी योजना किंवा नोंदणीनंतर मिळणारी अंकाक्षरी किल्ली यांचा अवलंब होई.

५. देयकाचा प्रश्न

ड्रायव्हर चांगला की वाईट, याचा निकाल अनेकदा दूरध्वनीच्या देयकावर लागत असे. जर्मनीत स्थानिक संभाषणालाही वेळेनुसार आकार पडत होता. मोडेमची जोडणी जुळण्यास अर्धा मिनिट जाई. आयएसडीएनची जोडणी एकदोन सेकंदांत होई. म्हणून काम नसता जोडणी तोडावी आणि माहितीचे पाकीट येताच पुन्हा जोडावी, अशी युक्ती ड्रायव्हरला करता येत असे. वापरणाऱ्याला जोडणी अखंड भासे, आकार मात्र कामाच्या वेळेपुरताच पडे.

याच युक्तीत धोकाही होता. संगणकावरील एखादी आज्ञावली दर काही मिनिटांनी अकारण एखादे पाकीट पाठवीत असेल, तर ड्रायव्हर निष्ठेने प्रत्येक वेळी क्रमांक फिरवी. रात्रभर कोणी जवळ नसता शेकडो जोडण्या होत आणि महिनाअखेरीस देयक पाहून मालक चकित होई. कोणते पाकीट जोडणीस पात्र मानावे, किती सेकंद शांतता राहिल्यास जोडणी तोडावी व दिवसाला जास्तीत जास्त किती वेळा क्रमांक फिरवावा, या तीन गोष्टी ठरवून देण्याची सोय असणे म्हणूनच अगत्याचे होते. दुभाषी हुशार असून भागत नाही. तो मितभाषीही असावा लागतो.

६. आज काय उरले

जर्मनीत २०२० च्या सुमारास बहुतेक आयएसडीएन जोडण्या बंद होऊन त्यांची जागा इंटरनेटवर आधारलेल्या दूरध्वनीने घेतली. त्यापूर्वीच वेगवान ब्रॉडबँडने घरगुती संगणक या तारेपासून दूर नेले होते. ज्या आज्ञावल्यांचे लेखक निवृत्त झाले, त्यांची नोंदणी आता होऊ शकत नाही. मूळ किल्ली हरवली असेल तर रीतसर पैसे भरलेल्या माणसालाही आपली आज्ञावली पुन्हा चालविता येत नाही.

याउलट, खुलेपणाने प्रसिद्ध केलेले करार टिकून राहिले. पॅकेट ड्रायव्हरचा करार पाळणाऱ्या आज्ञावल्या डॉसवर आजही चालतात. एमटीसीपी हा त्यांतील परिचित संच होय. तार बदलली, कार्ड बदलले, तरी करार लिहिलेला व सर्वांना वाचावयास मिळणारा असल्याने नवा लेखक नवा दुभाषी तयार करू शकतो.

जी कार्यालये व शाळा जुन्या संगणकांवरील नोंदी अद्याप सांभाळून आहेत, त्यांनी यावरून बोध घ्यावा. यंत्रासोबत त्याच्या ड्रायव्हरची प्रत, नोंदणीची किल्ली, पुस्तिका आणि बसविताना केलेल्या मांडणीची लेखी नोंद एकत्र जपावी. ड्रायव्हरची प्रत चकतीवर असेल तर चकती खराब होण्यापूर्वीच तिची दुसरी प्रत काढावी. नवी खरेदी करताना केवळ किंमत व वेग न पाहता, हे यंत्र कोणता खुला करार पाळते, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. त्याचे उत्तर मिळाले, तर यंत्र बनविणारी कंपनी उद्या राहिली नाही तरी आतील माहिती आपल्या हाती राहील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. २८,८०० बिट वेगाच्या मोडेमला दहा लाख बाइटांची फाइल पाठविण्यास किती वेळ लागेल?
२. दोन्ही ‘बी’ मार्ग एकत्र वापरावयाचे असल्यास क्रमिक द्वार अपुरे का पडते?
३. कॅपीसारखा सामाईक करार नसता तर ड्रायव्हर लिहिणाऱ्यापुढे कोणती अडचण आली असती?
४. आपल्या शाळेत किंवा कार्यालयात असलेल्या एका उपकरणाचा ड्रायव्हर कोठून मिळाला आणि त्याची प्रत जपलेली आहे काय, याची चौकशी करून टिपण लिहा.