पाठ : पद्माळ्याचे वसंतदादा

मंडळी, राज्यपाल म्हणजे कोण, हे आज पाहू. त्यासाठी आपल्यातल्याच एका शेतकऱ्याची गोष्ट ऐका.

सांगलीजवळ कृष्णाकाठी पद्माळे नावाचे गाव आहे. वसंतराव बंडूजी पाटील या गावचे. त्यांचा जन्म १९१७ सालचा. ते अगदी तान्हे असताना साथीच्या रोगात आईबाप दोघेही गेले. आजीने नातवाला वाढवले. शाळा थोडीच झाली. लोक त्यांना ‘दादा’ म्हणत.

१९४२ साली ‘चले जाव’ची चळवळ सुरू झाली. दादा तिच्यात पडले. पुढे पकडले गेले व सांगलीच्या तुरुंगात गेले. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी साथीदारांसह तुरुंग फोडला. तटावरून उड्या टाकल्या. पोलीस मागे लागले, गोळ्या सुटल्या. दोन साथीदार प्राणाला मुकले. दादांच्या खांद्यात गोळी लागली व ते पुन्हा पकडले गेले.

स्वराज्य आले. १९५२ साली ते आमदार झाले. पण नुसत्या भाषणाने शेतकऱ्याचे पोट भरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ऊस पिकवायचा आपण अन् भाव ठरवायचा दुसऱ्याने, असे किती दिवस चालायचे? त्यांनी सांगलीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकरीच त्याचे सभासद, तेच मालक.

१९७७ साली दादा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. १९८३ साली पुन्हा झाले. त्या वर्षी त्यांनी खाजगी संस्थांना विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजे काढायला परवानगी दिली. खेड्यातल्या पुष्कळ मुलांना दार उघडले. पण फीही वाढली, अन् ती गरिबाला झेपेना. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१९८५ साली ते राजस्थानचे राज्यपाल झाले. पद्माळ्याचा पोरका पोर जयपूरच्या राजभवनात राहावयास गेला!

आता राज्यपालाचे काम ऐका. राज्यपालाला आपण मते देऊन निवडत नाही. राष्ट्रपती त्याला नेमतात. राज्याचा कारभार त्याच्या नावाने चालतो. पण एरवी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. मुख्यमंत्र्याला शपथ तोच देतो. विधानसभेने विधेयक मंजूर केले, तरी साधारणपणे राज्यपालाच्या संमतीची सही झाल्यावरच त्याचा कायदा होतो.

१९८७ साली दादांनी ते पद सोडले. मानाच्या खुर्चीपेक्षा लोकांतले काम त्यांना प्यारे होते. १ मार्च १९८९ रोजी ते वारले.

कोणी म्हणेल, “बघा गुरुजी, शाळा न शिकताही माणूस मोठा होतो!” बाबांनो, असा उलटा अर्थ काढू नका. ज्याला शाळा मिळाली नाही, त्यानेच कॉलेजांची दारे उघडली. शिक्षणावाचून काय अडते, हे अशा माणसालाच कळते. कारखान्याचे सभासद व्हायचे तर कागद वाचूनच सही करावी. अंगठा उठवला की लबाडाचे फावते. तुम्ही आता सही शिकलात. पण आधी वाचा, मग सही करा.

शब्दार्थ
विधेयक – कायद्याचा कच्चा मसुदा
संमती – मान्यता
विनाअनुदान – सरकारी पैशाची मदत नसलेले

प्रश्न
१. राज्यपालाला कोण नेमते?
२. सहकारी कारखान्याचे मालक कोण असतात?
३. तुमच्या गावच्या सोसायटीचा एखादा कागद आणा व वर्गात मोठ्याने वाचा.