लॅपटॉपचा आवाज बारीक का येतो?
(लिनक्स वापरणाऱ्या कुटुंबांसाठी एक पाठ)

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील पुष्कळ घरांत जुने लॅपटॉप आले आहेत. कोणाला नोकरीवाल्या पुतण्याने दिलेला, कोणाला कचेरीतून निघालेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपल्यावर अशा कित्येक यंत्रांवर लिनक्स घालण्यात आले. यंत्र नीट चालते, पैसाही लागत नाही; परंतु एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते, ती म्हणजे आवाज फार बारीक येतो. पंख्याच्या घरघरीत पाठातील शिक्षकाचे बोलणे बुडून जाते. ज्या आजोबांना मुळातच कमी ऐकू येते, त्यांना परगावच्या नातवाचा शब्द कळत नाही. दुकानदार म्हणतो, स्पीकर बदला. हा खर्च प्रत्येक घराला सोसणारा नसतो, आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते. म्हणून हा पाठ.

दोष एका जागी नसतो, याचे कारण

लिनक्सचा गाभा लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. ध्वनीची व्यवस्था त्यात एकदम आली नाही. ती थरावर थर चढत गेली. ध्वनियंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा 'अल्सा' हा थर २००३ च्या अखेरीस निघालेल्या २.६ या आवृत्तीपासून गाभ्याचा नेहमीचा भाग झाला. निरनिराळ्या कार्यक्रमांचे आवाज एकत्र करणारा 'पल्सऑडिओ' २००४ मध्ये सुरू झाला, आणि आज बहुतेक नव्या आवृत्त्यांत त्याचे काम 'पाइपवायर' करतो.

याचा अर्थ घरच्या नळावरून समजेल. गच्चीवरच्या टाकीतून पाणी निघते, वाटेत एक चावी, जिन्यापाशी दुसरी, आणि न्हाणीघरात तिसरी. जिन्याची चावी अर्धी बंद असेल, तर न्हाणीघरातील नळ कितीही फिरवा, धार बारीकच राहणार. लॅपटॉपवरही गाण्याच्या कार्यक्रमाची एक सरकपट्टी, डेस्कटॉपची दुसरी, आणि अल्साची तिसरी अशा चाव्या असतात. आपण एकच फिरवतो व यंत्राला दोष देतो.

पहिली पायरी : दोष कोठे आहे ते ठरवावे

एकच ध्वनिफीत दोन वेगवेगळ्या कार्यक्रमांत वाजवून पाहावी. एकातच आवाज बारीक असेल, तर त्या कार्यक्रमाची पट्टी खाली आहे. मग दुसरी एखादी फीत लावावी. काही फिती मुळातच हळू मुद्रित केलेल्या असतात. नंतर हेडफोन लावून ऐकावे. हेडफोनमध्ये आवाज भरपूर आणि स्पीकरमध्ये बारीक, असे असल्यास दोष स्पीकरच्या वाटेवर आहे. यंत्र उलटे करूनही पाहावे. कित्येक लॅपटॉपांचे स्पीकर पोटाशी असतात. गादीवर किंवा मेजाच्या जाड कापडावर ठेवले की आवाज दाबला जातो. जाळीतील धूळ मऊ ब्रशाने काढावी, टाचणी मुळीच घालू नये.

दुसरी पायरी : आतल्या चाव्या उघडाव्यात

टर्मिनल उघडून ए, एल, एस, ए, एम, आय, एक्स, ई, आर ही लहान इंग्रजी अक्षरे सलग टंकावीत व एंटर दाबावे. हा 'अल्सामिक्सर'. प्रारंभी तेथे बहुधा एकच पट्टी दिसते. ती फसवी असते. एफ ६ ही कळ दाबून यादीतून खरे ध्वनियंत्र निवडावे. आता मास्टर, स्पीकर, हेडफोन, पीसीएम अशा पट्ट्या उभ्या राहतील. प्रत्येक यंत्रावर त्या सर्व असतीलच असे नाही.

डाव्या-उजव्या बाणाने पट्टी निवडावी, वरच्या बाणाने वाढवावी. पट्टीखाली दोन एम दिसले तर ती चावी बंद आहे. एम कळ दाबली की दोन शून्ये येतात आणि ती उघडते. निवडलेल्या पट्टीचे डेसिबल वरच्या बाजूस लिहिलेले असतात. शून्य म्हणजे त्या ठिकाणी आवाज वाढतही नाही, घटतही नाही. उणे २० असेल तर तेथेच आवाज अडला आहे. डाव्या-उजव्या बाजूंचे आकडे सारखे आहेत ना, तेही पाहावे. काम झाल्यावर एस्केप कळीने बाहेर पडावे.

यंत्र पुन्हा सुरू केल्यावर आवाज परत खाली गेला, तर टर्मिनलमध्ये 'सुडो', मग 'अल्साक्टल', मग 'स्टोअर' हे तीन इंग्रजी शब्द मध्ये एकेक जागा सोडून टंकावेत. मांडणी जतन होते.

तिसरी पायरी : शंभराच्या पुढे, पण जपून

ग्नोम डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये 'ओव्हर-ॲम्प्लिफिकेशन' हा खटका आहे. केडीईमध्येही कमाल आवाज वाढविण्याची सोय आहे. याने पट्टी १५० टक्क्यांपर्यंत जाते. ही वाढ सुमारे साडेदहा डेसिबलची होते, म्हणजे कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

परंतु येथे सावध असावे. ध्वनीच्या आकड्यांना वरची मर्यादा असते. फीत आधीच मोठ्याने मुद्रित असेल, तर लाटांचे माथे त्या मर्यादेला आपटून सपाट होतात. आवाज फाटतो, आणि सतत तसे वाजविल्यास लहान स्पीकर तापून बिघडू शकतो. खरखर ऐकू येताच पट्टी एक पायरी खाली आणावी. हळू मुद्रित भाषणासाठी हा उपाय चांगला, गाण्यांसाठी नव्हे.

चौथी पायरी : बोलणे स्पष्ट करावे

ज्यांच्या यंत्रावर पाइपवायर आहे त्यांनी 'ईझी इफेक्ट्स' हा मोफत कार्यक्रम घालावा. त्यातील 'कंप्रेसर' वर्गशिक्षकाचे काम करतो : ओरडणाऱ्या मुलाला आवरतो, आणि मग सर्व वर्गाचा आवाज एकदम वर नेता येतो, म्हणून पुटपुटणाराही ऐकू येतो. त्याच्यामागे 'लिमिटर' ठेवावा, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जात नाही. फार खालचे, घुमणारे स्वर लहान स्पीकरला पेलत नाहीत. ते 'इक्वलायझर'ने कमी केले की बोलण्याला जागा मिळते. पाठ ऐकणाऱ्या मुलांना आणि वडीलधाऱ्यांना हाच उपाय अधिक गुणकारी आहे, कारण त्यांना गोंगाट नको, शब्द हवा असतो.

पट्ट्यांनी न सुटणारा दोष

काही नव्या लॅपटॉपांत स्पीकरसाठी वेगळी वर्धक चिप असते. तिची फर्मवेअर फाइल किंवा गाभ्यातील योग्य नोंद नसेल, तर चारांपैकी दोनच स्पीकर वाजतात. आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. तेथे पट्ट्या ओढून काही होत नाही. गाभा व फर्मवेअर अद्ययावत करावे. स्पीकर बदलण्यापूर्वी लिनक्सची नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून तात्पुरती चालवून पाहावी. तिच्यात आवाज भरला, तर स्पीकर निर्दोष आहे. इतके करूनही हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरमध्ये फाटका आवाज राहिला, तरच कारागिराकडे जावे.

हे सारे करण्यास अर्धा तास पुरतो. ज्या तरुण सभासदांना हे जमेल, त्यांनी आपल्या घरापाशी न थांबता शेजारच्या दोन घरांतील यंत्रेही तपासावीत, आणि कोणती पट्टी कोठे ठेवली ते कागदावर लिहून यंत्राच्या पिशवीत ठेवावे. पुढच्या वेळी त्या घरातील मूल स्वतःच ते काम करील.